पार्सलबाबूचा डबा

आमच्या दवाखान्याची किरणोत्सारी औषधं मुंबईहून नगर स्टेशनावर यायची. ती सोडवायला मी जायचो. तिथल्या पार्सलबाबूइतका जिवाला जपणारा माणूस मी पाहिला नाही. पिवळ्या लेबलाचं खोकं दिसलं, की तो आधी आपला जेवणाचा डबा उचलून पार पलीकडच्या खिडकीत नेऊन ठेवायचा. मग तिथूनच हमालाला हुकूम सोडायचा, "घे रे डोक्यावर! औषधच आहे ते."

एकदा डोक्यावरचं खोकं उतरवताना म्हातारा हमाल म्हणाला, "सायेब, ह्ये खालनं गळतंय जनू."

"मग फुकटात गुण येईल तुला!" बाबू खिडकीतून हसला.

मी खोकं तिथंच ठेवायला लावलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. किरणं मोजायचं त्यांचं यंत्र खोक्यापाशी टकटक वाजलं. हमालाच्या डोक्यावरच्या ओल्या चुंबळीपाशी तर ते थांबेचना. म्हातारा जागचा हलला नाही, नुसता आमच्या तोंडाकडे बघत राहिला.

तेवढ्यात बाबू त्याला लांबून वळसा घालून आला आणि त्यानं यंत्रापुढे डबा धरला.

"आधी हे बघा, डॉक्टर. माझी जेवायची वेळ झालीय."

डबा वाजला नाही. बाबू पोटभर जेवला.