पाहुण्यांची गणती

आयर्लंडमध्ये जनगणना झाली त्या वर्षी माझी आई ॲथलोनला आमच्याकडे आलेली होती. बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. व्हिसा तीन महिन्यांचा, आईवडिलांना तेवढाच मिळतो, आणि त्यातला एकही दिवस वाया घालवायचा नाही असं मी ठरवलं होतं. आईनं मात्र तिसऱ्याच आठवड्यात तिकीट बदलून दे म्हणून धोशा लावला. "कराडचं घर बंद पडलंय," ती म्हणायची, "आणि इथं माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय?" त्या बंद घरात परतून ती काय करणार, ते मला दिसत होतं. भर दुपारी पडदे ओढून पडून राहणार आणि एका पोळीत दोन वेळा भागवणार. मी कधी गोड बोलून, कधी चिडून विषय टाळत होते. चिडणं मला जास्त सोपं जातं.

नवरा दूर उत्तरेकडच्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. दर पंधरा दिवसांनी गाडी हाकत घरी यायचा. एरवी घरात आम्ही तिघी, मी, माझी नऊ वर्षांची लेक आणि आई. आजी मराठीत विचारायची, नात इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि "आय'म ग्रँड, आजी" म्हणजे मी मजेत, एवढं ऐकलं की आजी समजायची, पोट भरलेलं दिसतंय.

मी मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी भरलेल्या कागदांतल्या चुका काढते. त्यामुळे जनगणनेचा जाडजूड फॉर्म घरी आला तेव्हा मला जरा उत्साहच आला. रविवारी संध्याकाळी मी काळं पेन घेऊन टेबलाशी बसले. आजच्या रात्री घरात कोण कोण आहे, असा पहिलाच प्रश्न होता. मी, लेक. नवरा ड्यूटीवर, त्याच्यासाठी मागे गैरहजर माणसांचं वेगळं पान होतं. आई त्या रात्री इथेच होती, पण ती तर पाहुणी. तिचं काय करायचं?

हे विचारायला घरातच तज्ज्ञ होती. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिनं जनगणनेची ड्यूटी तीनदा केलेली. सुट्टीच्या दिवशी ती काखेत फायली मारून निघायची आणि बाबा तिच्यापुढे चालायचे, हातात छत्री. ऊन असो नसो, छत्री कुत्र्यांसाठी असायची. गल्लीतली सगळी घरं झाली की शेवटी ती आमचं घर भरायची. बाबा खुर्चीत ताठ बसायचे. "कुटुंबप्रमुख कोण?" असं तिनं कडक आवाजात विचारलं की म्हणायचे, "बाई, तुम्हीच लिहा काय ते."

"पाहुण्याला त्याच्या घरी धरायचं," आई वाटाणे सोलता सोलता म्हणाली. "इथं धरलं नि तिकडंही धरलं की डबल होतं. मग वरचे साहेब आपल्यावर खेकसतात."

इतकं नेमकं उत्तर मिळाल्यावर मला बरंच वाटलं. मी आकडा लिहिला, दोन. आईनं चष्मा लावून फॉर्म चाळला. "जावईबापू नाहीत तरी त्यांना पान आहे की," ती म्हणाली. "मीच तेवढी कुठं नाही." आणि हसली. ते हसणं मला ऐकू आलं होतं. तरी मी उठले आणि सिंकमधली भांडी घासायला घेतली. अजूनही ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

दोन दिवसांनी संध्याकाळी फॉर्म गोळा करणारी बाई आली. साठीच्या आसपासची, पोस्टातून रिटायर झालेली, अंगावर पिवळं जॅकेट, खांद्याला बॅग. दारातच तिनं पहिलं पान बघितलं.

"दोनच? मी फॉर्म द्यायला आले तेव्हा दार एका आजींनी उघडलं होतं."

"त्या पाहुण्या आहेत," मी म्हटलं. "माझी आई. पुढच्या महिन्यात परत जायच्यात."

"रविवारी रात्री कुठे झोपल्या होत्या?"

"इथेच."

"मग त्या आमच्या. विमानाचं तिकीट कधीचंही असू दे. त्या रात्री जो इथल्या छपराखाली, तो इथला."

मागे आई उभीच होती. मी तिला मराठीत सांगितलं तर ती ऐकायलाच तयार नाही. "डबल होईल म्हणावं! तिला नियम नीट विचार." मी विचारला. त्या बाईनं न कंटाळता पुन्हा सांगितला. राहायचा पत्ता कुठला ते इथे बघत नाहीत, एक रात्र धरतात आणि देशात त्या रात्री जितकी माणसं असतील तितकी मोजतात. शाळेत पोराचं अवघड गणित बरोबर आलं की आईचा चेहरा व्हायचा तसा झाला.

"रात्र धरतात होय? मग बरोबर आहे. आत बोलव की तिला. किती दारं झाली असतील सकाळपासनं."

चहा झाला. मी दुभाषी. पण दोघींना माझी फार गरज पडत नव्हती. आईनं हातवाऱ्यांनी कुत्र्यांचं विचारलं, तर त्या बाईनं जॅकेटच्या बाहीवरची दातांची खूण दाखवली. घरात असून दार न उघडणारी माणसं दोन्हीकडे सारखीच निघाली. याच आकड्यांवर शाळेत वर्ग किती लागतील, बस किती लागतील ते ठरतं, असं ती सांगत होती. आमच्या भागात भाड्याचं घर मिळेना आणि लेकीच्या शाळेत एक वर्ग कंटेनरमध्ये भरायचा, त्यामुळे ते मला पटलंच.

मी दोन या आकड्यावर एक रेघ मारली, बाजूला तीन लिहिलं आणि सवयीनं सही करून तारीख घातली. ती बाई म्हणाली, "सही कशाला गं?" कारखान्यात खाडाखोड अशीच करतात म्हटल्यावर पोट धरून हसली.

आईची पानं आईनंच भरायला घेतली. मी अर्थ सांगायचा, तिनं खूण करायची. वैवाहिक स्थितीचा प्रश्न आला. मी चौकटी वाचत गेले आणि विधवा या शब्दाशी येऊन थांबले. सहा महिन्यांत हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. आईचं पेन कागदावर टेकलेलं, पण हलेना. ती बाई मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिली. त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

आईनं खूण केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागच्या वेळी घराच्या कागदावर मी दोन लिहिले होते. माझ्या हातानं. आता परत कुणी आलं तर एक लिहायचं. मला तेच होईना झालंय बघ. घर बंद असेल तर कोण विचारणार नाही, आणि उघडं असेल तर विचारतील."

तिला घर उघडायची ओढ होती आणि भीतीही तिथलीच होती, आणि मी नुसती तिकिटावरून भांडत बसले होते. मी तिचा हात धरला. हे खरं तर मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

जाताना त्या बाईनं एक गोष्ट बोलून दाखवली. भारतीय लोकांच्या बऱ्याच घरांत आईवडील दिसतात पण फॉर्मवर नसतात, असं का? आईला मी अर्थ सांगितला मात्र, ती उठून बसली. आईनं मला दिला तोच सल्ला प्रत्येक घरात कुणी ना कुणी दिला असणार!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आई नातीला घेऊन निघाली. आमच्या वसाहतीत महाराष्ट्रातली सात-आठ घरं, आणि त्या वेळी चार घरांत आईवडील आलेले. नागपूरचे एक काका ऐकेनात. "आमी तं पाहुणे आहो न बाई, आमचं काय मोजता?"

"पाहुणे असाल, पण झोपला होता ना इथंच?" आई म्हणाली. "मग फॉर्म मागवा मुलाकडनं. माझ्यासमोर."

हे मला लेकीनं सांगितलं, इंग्रजीत, आजीची नक्कल करत. आजी पुढे चालत होती आणि कुत्रा दिसला की नात तिची छत्री पुढे करत होती, हेही तिनंच सांगितलं. छत्रीची गोष्ट तिला कुणी सांगितली होती कोण जाणे. त्या आठवड्यात आई पोटभर जेवली. तिकिटाचा विषय निघाला नाही आणि तिचे तीन महिने पुरे झाले.

पुढे आकडे जाहीर झाले. लंच ब्रेकमध्ये स्क्रीनवर मी ॲथलोनची लोकसंख्या बघितली आणि तिथूनच कराडला फोन लावला. आई आता घरी एकटी राहत होती, घर उघडं होतं. शेजारच्या मुलांना दुपारी गणित शिकवायची. आकडा ऐकून ती म्हणाली, "त्यात मी आहे?"

"आहेस."

"आता मी तिथं नाही, तरी?"

"तरी. आता तो आकडा बदलत नाही."

"म्हणजे तुझ्या घरी तीन."

"हो आई, तीन."

मागे कुणीतरी मुलगा मोठ्यानं पाढे म्हणत होता.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता इकडं कुणी मोजायला आलं, की एक सांगते. सांगता येईल मला."