बहिणीच्या पोटावरचे डाग

भडक्याच्या डोक्यात आणि हातात विचार नावाचा थांबा देवाने ठेवलाच नव्हता. टायर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. टायर उचकटायची टॉमी हातात असली की उधारीवालेसुद्धा त्याच्याशी अदबीने बोलत. मऊ व्हायचा तो एकाच माणसापुढे, धाकट्या बहिणीपुढे. तिची तीन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी सातव्यात रक्तदाब चढला, झटके आले, आणि मुलापाठोपाठ तीही जायची, ती थोडक्यात वाचली.

एकदा दुपारी तो तिच्याकडे जेवायला गेला. फळीवरचा डबा काढताना तिचा ढगळ कुडता वर सरकला. सगळ्या पोटावर निळेजांभळे डाग! बापाच्या हातचा मार त्यांची आई असाच कपड्यांआड लपवायची. भडक्याला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. ती "दादा, ऐक तरी" म्हणेपर्यंत हा जिना उतरलासुद्धा.

मेहुणा शिंपी. मशिनवर वाकलेला होता. आपल्या दुकानातून टॉमी घेऊन आलेल्या भडक्याने त्याला मानगूट धरून फरशीवर आपटलं, नाक फोडलं, आणि याच हाताने मारतोस ना म्हणत उजवा हात टॉमीने ठेचला. हाड मोडल्याचा आवाज आला तरी थांबला नाही. मेहुणा इंजेक्शन, इंजेक्शन असं ओरडत होता. पण ऐकतो कोण.

बहीण धापा टाकत पोहोचली तेव्हा कापडाच्या चिंध्या रक्ताने भिजल्या होत्या. ती रडली नाही.

"पाचवा महिना आहे मला. नाट लागू नये म्हणून कुणाला बोललो नाही. माझं शरीर माझ्याच रक्तावर उलटतं, दादा. बाळाच्या वारेत रक्ताच्या गुठळ्या होतात, बाळ उपाशी मरतं. रक्त पातळ राहावं म्हणून हा रोज पोटात सुई टोचतो, त्याचे डाग आहेत ते. माझा हात धजत नाही. आता कोण टोचणार?"

भडक्याच्या हातून टॉमी गळून पडली.

त्या संध्याकाळपासून तोच टोचू लागला. प्लास्टरमधला मेहुणा भिंतीला टेकून, त्याच्याकडे न बघता, चिमूट कुठे धरायची ते सांगायचा. दुसऱ्या दिवशी तिथे निळा डाग उठला. तो बघून भडक्या मोरीत जाऊन हात धुऊन आला, आणि पुन्हा सुई घेऊन बसला.

मुलगी झाली. महिनाभर आधी, पण रडत झाली. मेहुण्याची बोटं मात्र मिटेनात. कात्री सुटली ती सुटलीच. तो लेकीला डाव्या हातावर घेतो. भडक्या तिला घ्यायला हात पुढे करतो तेव्हा मेहुणा अर्धं पाऊल मागे सरतो.