लागेल तिथं बोट ठेवा

वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याचा तालुका होता. गावाबाहेरच्या एका जुन्या सरकारी इमारतीत आम्हा पोरांना कुष्ठरोगाचं प्रशिक्षण मिळत होतं. धड डॉक्टर नाही, धड शिपाई नाही, मधलंच काहीतरी आम्ही होणार होतो. गावोगाव हिंडून रोगी शोधायचे, त्यांना गोळ्या पोचवायच्या, ते गोळ्या घेतात की आढ्यात खोचून ठेवतात हे बघायचं. परीक्षा पास झालं की नोकरी होती. मेडशीला आमचं शेत नव्हतं, वडील वारले होते आणि आई दुसऱ्यांच्या तुरीत निंदणाला जायची. अर्ज करताना रोग कोणता हे मी फारसं पाहिलंच नाही. नोकरी आहे एवढं पाहिलं.

रोग ओळखायची रीत साधी होती. अंगावर फिकट चट्टा दिसला की तो बधिर आहे का ते तपासायचं. रोग्याला डोळे मिटायला सांगायचं, कोंबडीचं पीस हळूच टेकवायचं आणि जिथं लागेल तिथं त्यानं बोट ठेवायचं. ‘लागलं का?’ असं चुकूनही विचारायचं नाही. आम्हाला शिकवणारे डॉक्टर हे रोज सांगायचे आणि मी रोज विसरायचो. शिरपूरला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या मांडीवर चट्टा होता. मी पीस टेकवलं आणि विचारलं, लागलं का? तो म्हणाला, लागलं. दर वेळी लागलं. मला शंका आली म्हणून पीस हवेतच धरून विचारलं, तरी लागलं. डॉक्टरांनी त्याला हे असं का म्हणून विचारलं, तर म्हातारा म्हणाला, पोरगं एवढ्या दुरून उन्हातानात आलं, त्याले नाई कसं म्हनाव? परतीच्या एस.टी.त सगळ्यांनी मिळून माझी चांगलीच खेचली.

माझ्या खोलीत शिरपूरकडचाच एक मुलगा होता. घरची बागायत, तुपाचा डबा कायम खाटेखाली. आम्ही बौद्ध आहोत हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यानं माझ्या माठातलं पाणी घ्यायला थोडे दिवस लावले, मग घ्यायला लागला. मी त्याबद्दल कधी बोललो नाही. बोलायला लागलो असतो तर त्याच्याशी भांडण झालं असतं, आणि पोरगा तसा वाईट नव्हता.

गावात जायच्या आधी एकमेकांवर सराव करायचा असा आमच्याकडे नियम होता. एका सकाळी मी सदरा काढून बाकावर बसलो, डोळे मिटले. माझा तोच खोलीतला सोबती मागे पीस घेऊन उभा. त्यानं पाठीवर पीस टेकवलं, मी बोट ठेवलं. मानेवर टेकवलं, बोट ठेवलं. मग तो थांबला. मी वाट पाहत बसलो. बराच वेळ काही होईना, तेव्हा मी वैतागून म्हणालो, अरे, झोपला की काय, चालू दे ना. कोणी हसलं नाही. मी डोळे उघडून मागे पाहिलं तर डॉक्टर येऊन उभे होते आणि सोबत्याच्या हातातलं पीस माझ्या डाव्या खांद्याच्या मागच्या बाजूला टेकलेलंच होतं. सोबती म्हणाला, उजेड कमी आहे, उद्या पाहू. तो मला वाचवायला बघत होता. डॉक्टरांनी त्याच्या हातातून पीस घेतलं आणि मला पुन्हा डोळे मिटायला सांगितलं.

डॉक्टर शांत होते. एकच चट्टा आहे, लवकर सापडला हे बरं झालं, या प्रकारातून दुसऱ्याला लागण होत नाही, आजपासून गोळी सुरू, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. वर हेही म्हणाले की, दुपारी सर्वेक्षणाला वेळेवर ये. हे सगळं मला पाठ होतं. गेले कित्येक आठवडे मी पारावर उभा राहून लोकांना हेच सांगत होतो. पण ती वाक्यं माझ्याबद्दल आहेत हे काही केल्या डोक्यात शिरेना. मी भयंकर घाबरलो होतो.

संध्याकाळी सोबत्यानं माझं ताट खोलीवर आणलं. थकला असशील, इथंच जेव म्हणाला. ही माया होती की पंगतीतून उठवणं होतं, ते मला कळेना. आता वाटतं, मायाच असावी. पण स्वतःचं ताट त्यानं आणलं नव्हतं. दूर बसायची सवय मला शाळेपासून होती. ती एकदाची सुटली असं वाटत होतं, तर आता हे नवीन. मी शनिवारची वाट पाहिली, पिशवी भरली आणि मेडशीची गाडी धरली. परत यायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. कोणाच्या तरी मळ्यात राखणदार म्हणून राहीन, कोणाला शिवायचा प्रश्न येणार नाही, असा माझा बेत होता.

घरी पोचलो तर आई चुलीपुढं होती. मी आत गेलोच नाही, उंबऱ्याबाहेर टेकलो. काय झालं, आत काहून येत नाईस, असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हणालो, गरम होतं. तिनं पाण्याचा गिलास पुढं केला. मी तो हातात घेतला नाही. ओंजळ तोंडाशी धरली आणि वरून ओत अशी खूण केली. मुद्दाम काही ठरवून केलं नव्हतं. शाळेत चौथीपर्यंत शिपाई आम्हाला तसंच पाणी वाढायचा. हातांना ते अजून आठवत होतं.

आईनं पाणी ओतलं नाही. गिलास खाली ठेवला. मी तिला इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ती ओरडलीही नाही.

“वोंजळीनं पानी पेनं आमी सोडलं,” ती म्हणाली. “तुया बापानं साऱ्या गावासमोर सोडलं. अन् तू मायाच घरात सुरू करून राह्यला? काहून?”

मग मी सगळं सांगितलं. खांदा दाखवला. तिनं चट्ट्यावरून तळहात फिरवला. मला तो कळला नाही, तिचा हात पुढं सरकला तेव्हा कळला. हे दुरुस्त होते का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, होते, गोळ्या घ्या लागते. दुसऱ्याले लागते का? मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात, नाही.

“डाक्टर म्हनते. तू काय म्हनतं?”

मी सदरा परत अंगात घातला. तिनं गिलास उचलून माझ्या हातात दिला आणि मी तोंड लावून पिईपर्यंत समोर उभी राहिली. अर्धा पिऊन मी थांबलो, तर तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि उरलेलं पाणी स्वतः पिऊन टाकलं. मग गिलास होता तिथं, माठावर पालथा घातला आणि भाकरी थापायला बसली. मी उंबऱ्याच्या आत येऊन रडलो. रविवारी तिनंच मला गाडीत बसवलं. बहिणीच्या सासरी मात्र यातलं काही बोलायचं नाही, असंही बजावलं. मी बोललो नाही.

वाशीमला परतल्यावर मी पंगतीत जाऊन बसलो. दोघे जण उठून पलीकडे गेले. सोबती आला आणि शेजारी बसला. त्या जेवणाची चव मला आठवत नाही, पण भूक लागली होती आणि मी पोटभर जेवलो.

परीक्षेत मी पास झालो आणि पुढं मानोऱ्याकडच्या तांड्यांवर नेमणूक झाली. तोंडी परीक्षेतला एकच प्रश्न लक्षात राहिलाय. परीक्षक बाहेरून आलेले होते, त्यांना माझं काही ठाऊक नव्हतं. हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत होते: गावातला माणूस तुला म्हणाला की, साहेब, रोग्याच्या उष्ट्या गिलासातलं पाणी तुमच्या घरचं कोणी पिईल का, तर त्याला काय सांगशील? बाकीच्यांनी पुस्तकातलं उत्तर दिलं होतं. मीही तेच पाठ करून गेलो होतो. शुद्ध बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते आमच्या घरचं.

“मायं उष्टं पानी मायी माय पेते, साहेब.”