कोपरखैरण्यातल्या कुरडया

कोपरखैरण्यात राहायला आलो तेव्हा सुरुवातीला तिथल्या हवेशी माझं जमेना. लख्ख ऊन बघून गाद्या गच्चीत टाकाव्यात, तर दोन पोळ्या होईपर्यंत आभाळ भरून यायचं. दहा मिनिटं झोडपायचं आणि पुन्हा ऊन, जणू काही झालंच नाही.

एका वर्षी मेअखेर नणंदेचं लग्न होतं. रुखवताच्या कुरडया करायला सासूबाई साताऱ्याहून आल्या. कुरडयांना माघार नसते. गहू तीन दिवस भिजले की चौथ्या दिवशी चीक शिजवून घालायच्याच, आणि त्या ओल्या राहिल्या की आंबतात. लग्न आठ दिवसांवर होतं, पुन्हा गहू भिजवायला सवड नव्हती.

त्या सकाळी ढग होते. सासूबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांच्याकडे वळवाआधी उकडतं, मग गडगडतं आणि पाऊस चारनंतर येतो. दहापर्यंत आम्ही गच्चीत दोन बाजांवर साड्या पसरून कुरडया घातल्या.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची, मूळची खाडीकाठच्या गावातली. ती वर आली, खाडीकडे तोंड करून क्षणभर उभी राहिली.

"उचला. वारा फिरलाय."

"अजून गडगडलं कुठं?" सासूबाई म्हणाल्या.

"गडगडायची वाट सातारला बघा, बाय. हितं पानी सांगून येत नाय."

तिने बाजेचं एक टोक उचललंसुद्धा. दुसरी बाज जिन्यात असताना सर आली. कुरडया साडीला चिकटलेल्या होत्या म्हणून घसरल्या नाहीत.

आमच्या खोलीत बाजा मावेनात. मालकिणीच्या हॉलमध्ये तिचं सुकट पसरलेलं होतं. तिने ते गोळा करून मोरीत नेऊन ठेवलं आणि दोन्ही पंखे सोडले. सासूबाई माळकरी. दोन दिवस नाकाला पदर लावून त्या हॉलमध्ये बसून राहिल्या, कुरडया उलटत.

तिसऱ्या दिवशी एक तळून पाहिली. आंबट नाही, कसला वासही नाही. सासूबाईंनी रुखवताचा डबा भरायच्या आधी मालकिणीचा भरला.

पुढच्या मे महिन्यात सासूबाई पुन्हा आल्या. गहू भिजवण्याआधी त्या मालकिणीला विचारायला गेल्या, चौथ्या दिवशी ऊन असेल का.

"चार दिवसांचं मला काय ठावं?" ती म्हणाली. "तुमी भिजवा. हॉल रिकामा ठेवते."