दहावी खेप

अमरावतीतल्या आमच्या मैदानावर पहाटे प्रकृतीसाठी फिरणारे थोडे आणि पोलीस भरतीवाले फार. अंजनगाव, दर्यापूर, पातूर अशा कुठून कुठून आलेली, एका खोलीत चौघं-चौघं राहणारी पोरं. त्यांना सोळाशे मीटर एकदाच पळायचं असतं आणि जीव खाऊन पळायचं असतं, कारण त्याचे गुण असतात. मीही अठराव्या वर्षी इथेच शिट्टी ऐकून सुटायला शिकले. लेखी परीक्षेत माझी भरती हुकली, पण धावणं सुटलं नाही. पुढे पंचायत समितीत नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली आणि मधल्या काळात दहा हजार मीटरची राज्य पातळीवरची पदकंही घरी आली.

तिशी ओलांडली तशी विशीतल्या पोरी त्याच दहा हजारात मला मागे टाकायला लागल्या. घरी कुणी टोकलं नाही. फक्त नणंदेने एकदा चहा ओतता ओतता विचारलं की अजून किती वर्षं चालायचं हे. तो प्रश्न मला इतका झोंबला की चहा तसाच ठेवून मी उठले. मला थांबायचं नव्हतं, पूर्ण मॅरेथॉन पळायची होती. तीही टी-शर्ट आणि फोटोपुरती नाही, तर पुढच्या रांगेत उभं राहून, निवडक धावणाऱ्यांच्या गटातून.

माझे प्रशिक्षक अकोल्याचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, एके काळी स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणतो. आठवडाभर ते फोनवरून माझ्यावर ओरडायचे आणि शनिवारी अमरावतीत लेकीकडे मुक्कामाला येऊन रविवारी समोरासमोर ओरडायचे. मॅरेथॉनचं नाव काढल्यावर त्यांनी एकच अट घातली, दहा खेपांची. खेप हा त्यांचाच शब्द. एक खेप म्हणजे मैदानाच्या चार फेऱ्या, मॅरेथॉनच्या वेगापेक्षा जराशा जोरात. मग एक फेरी हळूहळू पळत दम घ्यायचा आणि लगेच पुढची खेप. मध्ये थांबायचं नाही, चालायचंही नाही. दहावी खेप पहिलीइतक्याच वेळात आली तर ते माझं नाव देणार, नाही आली तर यंदा विषय बंद. दिवाळीनंतरचे तीन रविवार त्यांनी मला दिले होते.

त्यातले दोन मी फुकट घालवले. रविवारी भरतीच्या क्लासवाल्यांची चाचणी असते. छातीवर नंबर लावलेली पोरं टोळी-टोळीने उभी राहतात, शिट्टी वाजते आणि टोळी सुटते. ती शिट्टी कानावर पडली की माझे पाय माझे राहत नाहीत. त्यात पोरं बाजूने ‘साइड, ताई’ करत पुढे गेली की तळपायाची आग मस्तकात जाते. मग मी त्यांच्यामागे लागायचे, कधी कधी गाठायचेही. पहिल्या रविवारी सहाव्या खेपेला माझ्या पोटऱ्या आखडल्या. दुसऱ्या रविवारी सातव्या खेपेनंतर मी मैदानाच्या कडेला जाऊन ओकले.

मी उस्तादांना म्हटलं की शिट्टी नसेल असा एखादा मोकळा रस्ता गाठू, बडनेऱ्याकडचा. त्यांनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

“शर्यतीत सगळेच पयल्या किलोमीटरले असेच सुटतात, बेटा. तू कोनाच्या मांगं धावून राहिली, ते पाह्य आधी.”

मला त्यांचा भयंकर राग आला. तिसऱ्या रविवारी मैदानावर गेले तेव्हाही तो उतरलेला नव्हता.

पहिली खेप सुरू झाली आणि शिट्टी वाजली. टोळी अंगावरून गेली. त्यातल्या पातूरच्या एका उंच पोराने मागे वळून विचारलं की ताई, चालून राहिल्या काय. बाकीचे फिदीफिदी हसले. मी दात आवळले. कडेला उभे असलेले उस्ताद हाताचा पंजा खाली दाबून दाखवत होते, म्हणजे दम धर. मी दम धरला. सोपं नव्हतं ते. आपल्याला आपल्याच डोळ्यांसमोर हरू द्यायचं म्हणजे काय असतं, हे माझ्यासारख्या तापट बाईला विचारा.

दुसरी, तिसरी, चौथी. दरवेळी नवी टोळी सुटायची, मला मागे टाकायची आणि चार फेऱ्या संपल्या की गवतावर आडवी व्हायची. मी त्यांच्या पायांशेजारून हळू फेरी मारायचे आणि पुन्हा निघायचे. पाचव्या खेपेला पोरांच्या लक्षात आलं की ही तीच बाई आहे. पातूरच्या पोराने उस्तादांकडे चौकशी केली. उस्तादांनी त्याला सांगितलं की हौस असेल तर जा तिच्यासोबत.

तो सहावीला माझ्यासोबत निघाला. आधी दहा पावलं पुढे, हसत हसत. खेप संपल्यावर तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, तर मी पुढे निघालेली. धावत येऊन त्याने विचारलं, “थांबाचं नाई काय, ताई?”

नाही म्हटलं. सातवी त्याने माझ्या बरोबरीने काढली. आठवीत दोन फेऱ्यांनंतर तो आत वळला आणि डोक्यावर हात घेऊन गवतावर पडला. मला झालेला आनंद काही फारसा सात्त्विक नव्हता. पाय लगेच जोर धरायला लागले. उस्तादांचा पंजा पुन्हा खाली गेला.

खरी परीक्षा नववीत झाली. शेवटची टोळी अजून नंबर लावत होती आणि मैदान शांत होतं. मागे टाकणारं कुणी नाही, गाठायला कुणी नाही. मांड्या जड झाल्या आणि वेग कधी उतरला ते मला कळलंच नाही. फेरी संपताना उस्ताद ओरडले की मागे पडतेस. तेव्हा मी घाबरले. दोन रविवार मी शिट्टीला दोष देत होते आणि आता शिट्टी नव्हती तरी माझं तेच होत होतं. मी खांदे सैल सोडले, नजर समोरच्या वळणावर ठेवली आणि एक वळण, मग पुढचं वळण असं करत वेग परत आणला. कुणावरही न चिडता. हे मला जमतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दहावीला शेवटच्या टोळीची शिट्टी वाजली. पोरं सुटली आणि मी त्यांना जाऊ दिलं. दुसऱ्या फेरीपर्यंत त्यांच्यात माझ्यात अर्धं मैदान होतं. तिसऱ्या फेरीत त्यांच्या माना मागे पडायला लागल्या, हात वेडेवाकडे हलायला लागले. मी काहीच वाढवलं नाही, फक्त सोडलं नाही. आधी एक जण मागे गेला, मग दोघं, मग जथाच्या जथा. शेवटच्या वळणावर माझ्यापुढे मोजून तिघं उरले होते आणि गवतावरची पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती. पातूरच्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

उस्तादांनी घड्याळ माझ्यासमोर धरलं. पहिलीपेक्षा दहावी थोडी लवकरच आली होती. शाबासकी वगैरे काही नाही.

“आखीन एक मारशीन काय?” त्यांनी विचारलं.

मी छातीवर हात ठेवला, पायांचा अंदाज घेतला. खरंच, अजून एक होती आत. मी म्हटलं, मारीन. आणि पुन्हा निघायला वळले.

त्यांनी माझा दंड धरला. “मंग नको मारू. ते असंच ठेव. चाळीस किलोमीटरच्या पुढं तेच लागते. देतो मी तुहं नाव.”

मी हसायला लागले आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. इतकी वर्षं मी या मैदानावर स्वतःला पार संपवूनच घरी जायचे. त्या दिवशी अंगात एक पुरी खेप शिल्लक ठेवून गेले, आणि जिंकून गेले.