‘चेटकिणी’च्या गावात दुपारचा शो

“अगं, तो पिक्चर तुमच्याकडे, गडचिरोलीत शूट झालाय आणि तू मला बोलली नाहीस?” तन्मय फोनवर इतका दुखावला होता की मला क्षणभर वाटलं, मीच त्याचं काहीतरी लपवून ठेवलंय.

तन्मय माझा कॉलेजचा मित्र. राहतो पुण्यात, भयपटांवर व्हिडिओ करतो आणि त्या व्हिडिओंत स्वतःच्या चेहऱ्यावर खालून बॅटरी मारतो. ज्या पिक्चरसाठी त्याचा जीव एवढा वरखाली होत होता त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, फुकट जाहिरात कशाला? गोष्ट तुम्हाला पाहिल्याशिवायही माहीत आहे. चार शहरी पोरं जंगलात वाट चुकतात. पुढे गाव लागतं. गावाचा एक शिंगवाला जुना देव असतो आणि त्याला दर हंगामाला एक माणूस खायला लागतो. मुखवटे, ढोल, झाडाला टांगलेली हाडं. एक केस मोकळे सोडलेली चेटकीण. शेवटी तिघं मरतात आणि चौथी किंचाळत डांबरी रस्त्याला लागते, म्हणजे सुटली.

“याला पेगन हॉरर म्हणतात,” तन्मयनं समजावलं. “मोठे धर्म यायच्या आधी लोक झाडं, दगड, सूर्य पुजायचे ना, ते पेगन. आधुनिक माणूस त्यांच्यात जातो आणि कळतं की जुना देव अजून जागा आहे. आपल्या मनात दबलेली भीती असते ती, प्रज्ञा.”

मी म्हटलं, आधुनिक माणसानं आपली दबलेली भीती आपल्या फ्लॅटमध्ये ठेवावी, आमच्याकडे कशाला आणून टाकतो? पण मी नागपुरात नोकरीला आहे, जानेवारीत सुट्टी टाकून भद्रावतीला आईबाबांकडे जाणारच होते, आणि तन्मयला त्या गावात एकटं सोडणं मला धोक्याचं वाटलं. गावासाठी धोक्याचं.

तर तन्मय नागपूरला आला आणि माझ्या गाडीनं निघालो. नागपूरहून जाम, वरोरा करत भद्रावती तीन तासांच्या आत येतं. रस्ता उत्तम, वाटेत तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे तशी तर्री मिळत नाही. भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत, लहानपणी आम्ही तिथे डबा घेऊन जायचो. तन्मय आत शिरला आणि कॅमेऱ्याकडे बघून कुजबुजला, “इथे... काहीतरी आहे.” होतं ना. वटवाघळं होती.

रात्री आईनं भाकरी वाढताना विचारलं, “एवढ्या दूर काय पाहाले चालले रे तुम्ही?”

“काकू, आदिम श्रद्धेची भीती.”

“हो का,” आई म्हणाली. “भाजी घे अजून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघा, नाहीतर चंद्रपूरच्या अलीकडे घुग्घुसकडून येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांमागे अडकाल आणि पांढरा शर्ट करडा होईल. (तन्मयचा झाला.) चंद्रपूर, मूल आणि मग सावली नावाचं गाव. सावलीपासून डोळे निवतात. धान कापून झालेलं, शेतोशेती त्याचे पुंजणे रचून ठेवलेले, बांधावर बगळे. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. पेट्रोल इथेच भरा आणि पैसे रोख जवळ ठेवा, पुढे मोबाइलला रेंज मिळाली तर नशीब समजा. खानावळीत पोटभर वरण-भात-भाजी दोघांना मिळून पुण्यातल्या एका कॉफीच्या भावात होते. तन्मयनं मालकाला डोळे मिचकावून विचारलं, “लाल मुंग्यांची चटणी मिळेल का?”

मालकाचा चेहरा पडला. “मुंग्या नाई साहेब आपल्या हाटेलात. रोज फिनाईल मारतो मी.”

इथवर मला मजा येत होती. मजा संपली ती गावाच्या फाट्यावरच्या चहाटपरीवर. पिक्चरचं शूटिंग कुठे झालं, असं तन्मयनं विचारलं, तर टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला, “म्हणजे चेटकीणबाईच्या गावाले जायचं हाय का?” आणि तो हसत नव्हता.

माझा चहा तसाच राहिला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे हा शब्द गमतीचा नाही. जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना मारल्याच्या बातम्या वाचतच मी मोठी झाले. कुणाचं पोर आजारी पडतं, कुणाची म्हैस मरते, आणि कुणीतरी एका घराकडे बोट दाखवतं.

गाव गोंडांचं. शेणानं सारवलेली स्वच्छ अंगणं, मातीच्या भिंतींवर पांढऱ्या-पिवळ्या रेघा. वेशीशी तो पिक्चरचा शिंगवाला देव पडलेला होता. फायबरचा, माणसाच्या दुप्पट उंच. शूटिंगवाले परत नेण्याचं भाडं नको म्हणून तिथेच टाकून गेले होते. गावानं त्याला आडवा करून तोंडाला जाळी लावली होती आणि त्यात कोंबड्या पाळल्या होत्या. तन्मयला फार वाईट वाटलं. मला तो अख्ख्या पिक्चरचा सर्वोत्तम उपयोग वाटला.

‘चेटकीण’ अंगणात डाळ पाखडत होती. मैनाबाई नाव. पन्नाशीची बाई, कपाळावर, हनुवटीवर गोंदण, केस तेल लावून घट्ट बांधलेले. पिक्चरमध्ये हेच केस सोडून त्यांना पावडर फासली होती, एवढंच काय ते भय. तन्मयनं कॅमेरा पिशवीतून काढता काढता अदबीनं म्हटलं, “आजी, आम्ही पुण्याहून आलोय.”

मैनाबाईनं सूप खाली ठेवलं. “आजी तं झाली मी. पण नातवाचं तोंडच नाई पाह्यलं अजून.”

मी तन्मयला कॅमेरा आत टाकायला लावला आणि तिच्यापाशी बसले.

तिची एकुलती मुलगी सुनीता जवळच्याच गावात दिलेली. पिक्चर लागला तेव्हा तो इथे कोणी पाहिला नाही, थिएटर आहे कुठे? पण त्यातला एक तुकडा मोबाइलवर फिरला. मैनाबाईचा चेहरा, लाल केलेले डोळे, वरून धडाडणारं संगीत. सुनीताला तेव्हा दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सासूनं पाठवलंच नाही. मुलगा झाला, तरी मैनाबाईला निरोप नाही. ती आपणहून गेली तर दारातूनच पाणी देऊन परत पाठवली.

“मी म्हटलं, थे पिच्चर होतं, खोटं असते. तं इहीण म्हणे, खोटं असन तं डोये लाल कसे झाले?”

“आणि शूटिंगवाल्यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं?” मी विचारलं.

“म्हणे, जंगलातली आजी हाय. नातवाची वाट पाहून राह्यली. मंग म्हणे, बाई, तुमच्या भाषेत काईबी पुटपुटा.”

त्या युनिटनं कॅमेऱ्यासमोर नारळ फोडून, कॅमेऱ्याला हळदकुंकू लावून मुहूर्त केला होता, हेही तिनंच सांगितलं. मग त्याच कॅमेऱ्यानं त्यांनी ‘अंधश्रद्ध जमात’ चित्रित केली. कोल्हापूर-पुण्याकडची उत्साही मुलं असणार, लिंबू-मिरची लटकवलेल्या गाड्यांतून आलेली. गावाचा खरा पेनठाणा, म्हणजे देवाची जागा, त्यांना दाखवली तर ‘फारच साधी आहे’ म्हणाले. मैनाबाईनं ती आम्हालाही दाखवली. मोठाली झाडं, खाली झाडून काढलेली माती, लाकडाचे जुने खांब आणि गार सावली. चपला बाहेर, फोटो नाही. “देव झाडाइत रायते,” ती म्हणाली. “कोणाले खात नाई.” आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देव्हारा नाही, त्यामुळे कुठल्याच देवाची वकिली मी करत नाही. पण त्या सावलीत घाबरायला फार मेहनत घ्यावी लागली असती.

परतताना मैनाबाई अचानक थांबली. “भाऊ, तुमच्याजवळ हाय का थो पिच्चर? अख्खा?”

तन्मयच्या लॅपटॉपमध्ये होता.

“मंग सगळ्याइले दाखवा. मी काय बोलली थे आयकू द्या लोकाइले.”

“काय बोललात तुम्ही?”

“आता नाई आठवत धड,” ती म्हणाली. “पण वाईट नाई बोलली, एवढं पक्कं.”

मी घाबरले, हे कबूल. तिला खरंच आठवत नव्हतं. लाल डोळ्यांचा तो तुकडा सगळ्या गावानं एकत्र बसून बघायचा, त्यात नको ते ऐकू आलं तर? पण ती ऐकेना. आम्ही मुक्कामाला गडचिरोलीच्या लॉजवर आलो (खोली साधी, चादरी स्वच्छ) आणि सकाळी परत निघालो. मैनाबाईशी ठरल्याप्रमाणे मी आधी सुनीताच्या सासरी गेले, विहीणबाईंना आणायला.

या विहीणबाई, जानकाबाई, खाष्ट असतील अशी माझी तयारी होती. निघाल्या बारक्याशा, दमलेल्या; ‘ती काय बोलली ते स्वतःच ऐका’ म्हटल्यावर आल्या. गाडीत मागे बसून पिशवी उराशी धरून म्हणाल्या, “थे बाई वाईट हाय असं मी म्हणतच नाई. पण माह्या पहिल्या पोराचं लेकरू गेलं दोन वर्सांमांगं. आता याच्या बाबतीत भेव वाटते. तुमी काऊन समजून घेत नाई?”

समजलं. त्यानंतर मी त्यांच्याशी तावातावानं बोलले नाही.

दुपारी समाजमंदिरात शो. खिडक्यांना पोती लावली, तन्मयनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. बायका पुढे, माणसं मागे. मैनाबाई जानकाबाईंच्या शेजारीच जाऊन बसली. जानकाबाई पदर ओढून जरा सरकल्या.

पिक्चर सुरू झाला. मग फायबरचा देव पडद्यावर आला, पाठीमागे ढगांचा गडगडाट, आणि मागून कुणीतरी म्हणालं, “कोंबड्याइचं घर आलं पाहा!” पहिला हशा. पण ढोल वाढत गेले, ती शहरी पोरं झाडाला बांधली गेली, आणि पडद्यावर मैनाबाईचा तो चेहरा भरला. जानकाबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला.

खाली मोठ्या अक्षरांत भाषांतर उमटलं: ‘रक्त घे. हे भूमाते, मी तुला रक्त देते.’ आणि वर, ढोलांच्या आत, पण मोबाइलवरच्या त्या तुकड्यासारखा दाबलेला नाही, मैनाबाईचा गोंडीतला आवाज.

मला गोंडी येत नाही. मला फक्त एवढं दिसलं की पुढच्या रांगेतली एक बाई वाकून दोन्ही हातांनी पोट धरते आहे. मग दुसरी. मग सगळी खोली फुटली. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. तन्मय वेड्यासारखा विचारत होता, “काय म्हणतायत? काय म्हणतायत त्या?” कुणालाच बोलता येईना. शेवटी शेजारच्या एकीनं डोळे पुसत सांगितलं, “थे म्हणते, ऊन उतरलं, बकऱ्या बांधाच्या हायेत. हे लोक जेवण कधी देतीन? सकायपासून चार वेळा चहा दिला नुसता. या टकल्याले काई समजत नाई.”

टकल्या म्हणजे दिग्दर्शक.

“पुन्हा लावा!” मागून ओरडा झाला. पुन्हा लावलं. त्या महाभयंकर मंत्रात पुढे ‘पायाले मुंगी चावली’ हेही निघालं. भूमातेला रक्त देणाऱ्या त्या प्रसंगावर पैसे ओतणाऱ्या, पार्श्वसंगीत रचणाऱ्या, समीक्षेत ‘अंगावर काटा आणणारी आदिम प्रार्थना’ असं लिहिणाऱ्या एकाही शहाण्याला एका गोंड माणसाला विचारावंसं वाटलं नव्हतं की बाबा, ही काय बोलते आहे.

मी जानकाबाईंकडे पाहत होते. त्यांनी पदर काढला होता. हसल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्या मैनाबाईकडे वळून गोंडीत काहीतरी म्हणाल्या आणि मैनाबाई एकदम रडायलाच लागली.

मी घाबरून शेजारणीला विचारलं.

“काई नाई,” ती म्हणाली. “विचारते, मंग देल्लं का जेवण त्याइनं?”

पिक्चर कुणी शेवटपर्यंत बघितला नाही. संध्याकाळच्या आत दोघी विहिणी माझ्या गाडीत मागे बसल्या होत्या, मैनाबाईच्या मांडीवर वाळलेल्या मोहफुलांची पुरचुंडी आणि नव्या कापडाचं झबलं. सुनीता दारात उभी होती. तिनं सासूकडे पाहिलं, सासूनं मान डोलावली, आणि मैनाबाई आत गेली. आम्ही बाहेरच थांबलो. तन्मयनं कॅमेरा काढला नाही, मला सांगावंही लागलं नाही.

परतीच्या वाटेवर सावली गाव ओलांडताना तन्मय म्हणाला, “तरी प्रज्ञा, फॉर्म म्हणून पेगन हॉररमध्ये दम आहे.” मी गाडीचा रेडिओ मोठा केला.

त्यानं व्हिडिओ टाकला, खऱ्या अर्थासकट, मैनाबाईला विचारून, गावाचं नाव न घेता. खाली प्रतिक्रियांचा पाऊस आहे. पिक्चरच्या चाहत्यांना राग आलाय की आम्ही त्यांची भीती घालवली. एकानं लिहिलंय, कलेत असं शब्दशः घ्यायचं नसतं. बरोबर. शब्दशः घ्यायचा त्रास फक्त सुनीताच्या सासरच्यांनी घ्यायचा. आणखी एकानं नम्रपणे विचारलंय की खऱ्या विधींचं एखादं ठिकाण माहीत आहे का, त्याच्याकडे तीन मित्र आणि एक जीप आहे. अशा चौघांचं पुढे काय होतं ते पिक्चरमध्ये दाखवलेलंच आहे, त्यानं तेवढ्यावर समाधान मानावं.

नागपूरला परत आल्यावर सामान काढता काढता मी स्वतःला विचारलं, या प्रवासातून काय राहिलं? एका दुपारचा हशा, असंच वाटत होतं. हशाचं काय, विरून जातो. पुन्हा कुणी आजारी पडलं की पुन्हा बोट त्याच घराकडे.

मागच्या आठवड्यात सुनीताचा फोन आला. बाळाला दोन दिवस सणकून ताप होता, आरोग्य केंद्रात न्यावं लागलं, आता उतरलाय.

“आणि तुझी आई?” मी विचारलं.

“इथीच हाय ना. ताप चढला तशी सासूच गेली तिले आणाले, पैदल,” सुनीता म्हणाली. “आता दोघी भांडून राह्यल्या, पोराले कोण घेते म्हणून.”