मुलुंडहून इंजिन तापवणाऱ्या विमलाबाई

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या एका जुन्या इमारतीत विमला तावडे ब्लाउज शिवतात. विमानात त्या अजून एकदाही बसलेल्या नाहीत. पण थंडीच्या दिवसांत, दुपारचा चहा उकळायला ठेवला की त्या चष्मा लावतात, फोन हातात घेतात आणि कॅनडातल्या एका विमानाचं इंजिन तापत लावतात.

विमान त्यांच्या मुलाचं, नितेशचं. तो तिकडे टायरच्या गोदामात कामाला आहे. विमान उडवायचं लायसन काढल्यावर दोन मित्रांच्या भागीत त्याने एक जुनं दोन सीटांचं विमान घेतलं, आपल्याकडे सेकंड हँड रिक्षा घेतात तसं. उन्हाळा झकास गेला. थंडी आली आणि विमान रुसून बसलं.

"आई, थंडीत आपलं खोबरेल तेल गोठतं ना, तसंच इंजिनातलं ऑइल घट्ट होतं," नितेशने व्हिडिओ कॉलवर समजावलं. "तसंच चालू केलं तर इंजिनाची वाट लागते. आधी दोन-तीन तास तापवायला लागतं."

"मग तापव."

तापवायचं मोठं यंत्र भाड्याने मिळायचं, पण ते परवडणारं नव्हतं. म्हणून नितेशने स्वस्तातला जुगाड केला होता. कंबर शेकायची असते तशी विजेची पट्टी इंजिनाच्या पोटाला चिकटवली, ती फोनवरून चालू-बंद होणाऱ्या प्लगला जोडली आणि इंटरनेटसाठी आपला जुना फोन लोकरीच्या मोज्यात घालून विमानाच्या शेडमध्येच ठेवला. जगात कुठूनही बटण दाबा, पट्टी गरम. अडचण एकच होती. बटण पहाटे दाबायचं होतं आणि नितेश पहाटे उठत नव्हता. टायमर लावून पाहिला, तर तिकडची वीज गेली आणि टायमरला दिवस-रात्र कळेनासं झालं.

"तिकडे पहाट असते तेव्हा तुझ्याकडे चहाची वेळ असते," नितेश म्हणाला. "तूच दाब ना बटण."

"शाळेत असताना मीच उठवायची तुला. आता तुझ्या इंजिनालाही मीच उठवू?" असं म्हणत विमलाबाईंनी काम पत्करलं. पत्करलं म्हणजे मनावरच घेतलं. इंजिनावर नितेशने एक फाटकं ब्लँकेट टाकलेलं त्यांनी फोटोत पाहिलं आणि त्यांचा जीव खालीवर झाला. गेलेल्या सासूबाईंची लुगडी काढून त्यांनी एक जाड गोधडी शिवली. माप नितेशने विती मोजून सांगितलं होतं, त्यामुळे ती एका बाजूला आखूड झाली, तिथे त्यांनी झालर लावली. कॅनडाला निघालेल्या एका ओळखीच्या मुलीबरोबर गोधडी गेली आणि विमानाच्या नाकावर बसली. शेडमधले बाकीचे वैमानिक झालर बघायला आले म्हणे.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग नाताळच्या सुट्टीत नितेश घरी आला आणि बाबांना, म्हणजे राजारामभाऊंना, गिझर बंद करायची आठवण राहत नाही म्हणून तसाच प्लग गिझरला लावून गेला. आता विमलाबाईंच्या फोनवर एकाखाली एक दोन बटणं झाली.

जानेवारीत नितेशचा फोन आला. त्याचं दीप्तीशी लग्नाचं चाललं होतं. दीप्ती मूळची बोरिवलीची, नोकरीला कॅनडातच. तिचे वडील चंद्रप्रकाश तिच्याकडे राहायला आले होते आणि भंगारातलं विमान उडवणारा जावई त्यांना नको होता.

"उद्या त्यांना फिरवून आणतो, म्हणजे विश्वास बसेल," नितेश म्हणाला. "आई, उद्या विसरू नकोस हां."

विमलाबाई विसरल्या नाहीत. चहा ठेवला, देवाला हात जोडले आणि बटण दाबलं. हिरवा ठिपका लागला.

दिवाबत्तीच्या वेळेला दोन गोष्टी एकदमच झाल्या. बाथरूममधून राजारामभाऊ ओरडले, "गो, माका उकडून काढतंस काय?" आणि फोन वाजला.

"आई, इंजिन बर्फ आहे. पंखा अर्धा फिरून थांबला."

विमलाबाईंनी फोनकडे पाहिलं, मग दाराखालून येणाऱ्या वाफेकडे पाहिलं आणि गुपचूप दुसरं बटण दाबलं. "लागलंय आता. थोडा वेळ थांबा," एवढंच त्या म्हणाल्या.

थांबण्याशिवाय उपाय नव्हता. दीप्ती दोघांना सोडून गाडी घेऊन कामावर गेली होती. थोड्या वेळाने विमलाबाईंनी व्हिडिओ कॉल लावला, तर समोर चंद्रप्रकाशराव. कुडकुडत होते आणि त्यांच्या गळ्याभोवती सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याचा काठ होता.

"अहो दीप्तीचे बाबा, ती गोधडी इंजिनाची आहे."

"ताई, इंजिनाला सर्दी होत नाही. मला होते."

"पण ते तापणार कसं?"

"नाही तापलं तर राहिलं. ही शिवली कोणी? फार ऊबदार आहे."

विमलाबाईंचा राग तिथेच विरला. मग गाव निघालं. चंद्रप्रकाशरावांचं कणकवलीकडे, विमलाबाईंचं माहेर कुडाळचं. गावावरून मासे निघाले. दीप्तीकडे रोज सूप पिऊन तोंडाची चव गेली, असं चंद्रप्रकाशरावांनी गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा विमलाबाईंनी बांगड्याच्या झणझणीत कालवणात, तिकल्यात, त्रिफळं कधी ठेचून घालायची ते सांगितलं. नितेशला मात्र कोणी बोलूच देईना. तो दोन्ही हातांनी इंजिन चोळत होता.

"मग पोरांचं काय ठरवलंत?" विमलाबाईंनी मध्येच विचारलं.

चंद्रप्रकाशरावांनी गोधडी आणखी ओढून घेतली. "इतक्या लांबून इंजिनाचं करता, तर माझ्या पोरीचं कराल ना?"

"तिला बटण नाही लावणार," विमलाबाई म्हणाल्या.

ते खो-खो हसले. राजारामभाऊ लालबुंद चेहऱ्याने टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तोवर लग्न मे महिन्यात धरायचं इथपर्यंत बोलणं गेलं होतं.

इंजिन शेवटी सुरू झालं. त्याच्या आवाजाने शेड थरथरली, तसे चंद्रप्रकाशराव दोन पावलं मागे सरले. "चालतं हे बघितलं. पुरे," ते म्हणाले आणि ते विमान त्या दिवशी जमिनीवरच राहिलं. चंद्रप्रकाशराव त्यात नंतरही कधी बसले नाहीत.

मे महिन्यात मुलुंडच्या हॉलमध्ये पंगत चालू असताना विमलाबाई वाढत फिरत होत्या. बोरिवलीच्या पाहुण्यांच्या घोळक्यात त्यांचे व्याही हात पसरून सांगत होते, की जावयाने ढगांच्या वर नेलं आणि खालून नद्या दोऱ्यासारख्या दिसत होत्या. विमलाबाईंनी व्याह्यांच्या पानात आणखी एक जिलेबी वाढली आणि त्या पुढे सरकल्या.